नऊ कोस आलेला समुद्र

एकदा एका वृद्ध गुरुजींची दृष्टी दिवसागणिक मावळू लागली. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या शिष्याकडे मोटार होती, आणि मोटारीसोबत मिळते ती घाईही होती. तो म्हणाला, “गुरुजी, डोळ्यांत उजेड आहे तोवर मी तुम्हांला समुद्र दाखवीन. माझा शब्द.”

डोंगर उतरून ते नदीच्या काठाकाठाने निघाले. पुढे खाडी ओलांडायची होती आणि शेवटची फेरीबोट साडेपाचला सुटत असे. गुरुजी मात्र गावोगावी मोटार थांबवीत, पायऱ्या चाचपत नदीत उतरत, ओंजळभर पाणी जिभेला लावीत आणि थुंकून टाकीत.

तिसऱ्या गावी शिष्य वैतागला. “गुरुजी, नदी तीच आहे हो. बदललेली नाही.”

“तू फार पुढचं पाहतोस बाबा,” गुरुजी म्हणाले.

पाचव्या गावी पाच वाजले. समुद्र अजून नऊ कोस दूर होता. फेरीबोट चुकणार हे उघड होते. गुरुजी पायऱ्या उतरत असताना एका बाईने कळशी बुडवण्याआधी पाणी चाखले आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती परत फिरली.

शिष्याने विचारले, “का हो, भरली नाहीत?”

“आता भरूचा नाय, खारा पाणी इला. दर्यो तिथी बघून येता. पावण्यांसारखो कधीपण नाय.”

गुरुजींनी पाणी चाखले. या वेळी थुंकले नाहीत. पायरीवर हाताला लागलेले जास्वंदीचे फूल त्यांनी प्रवाहात सोडले. फूल पाण्यावर क्षणभर थबकले आणि डोंगराच्या दिशेने चालू लागले.

“गुरुजी!” शिष्याचा आवाज एकदम हळू झाला. “नदी उलटी वाहतेय.”

“सावकाश सांग. मला अंधुक दिसतं.”

शिष्य त्यांच्याशेजारी बसून सांगू लागला. पात्रातले अख्खे पाणी काठापासून काठापर्यंत वर चढत होते. बांधलेल्या होडीने तोंड फिरवले होते. पायऱ्या एकेक करून बुडत होत्या, आणि एवढे सारे घडत असताना कसलाही आवाज नव्हता.

गुरुजी म्हणाले, “आपण समुद्राकडे धावतो असं तुला वाटत होतं. तो एवढा थोर, पण रोज दोनदा नऊ कोस चढून या नदीला भेटायला येतो. मी गावोगावी पाणी चाखून हेच विचारीत होतो, तो कुठवर आला?”

“पण मी शब्द दिला होता, गुरुजी. समुद्र दाखवायचा.”

“दाखवलास की.”

पाणी आणखी एक पायरी चढले. शिष्याने गुरुजींना हात देऊन एक पायरी वर बसवले. घड्याळ पाहण्याचे त्याला सुचले नाही.