एवढीशीच खोली

एका माळावर, करंजाच्या झाडाखाली, उंदरांचे मोठे बीळ होते. त्याच्या तळाच्या खोलीत एक उंदरीण आपल्या पिल्लांसह राहत असे. पक्षी आणि खारी या उंदरांकडे बिया ठेवायला देत आणि लागतील तशा मागून नेत. मागणी आली की एक खोली उकरायची, तिथे बिया पसरून हव्या तेवढ्या निवडायच्या आणि काम झाले की खोली मातीने बुजवायची, अशी तिथली रीत होती. पण मुलांनो, बुजवण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? उद्या पुन्हा उकरायचीच आहे, असे म्हणत सगळ्यांनी खोल्या तशाच ठेवल्या.

इकडे उंदरिणीच्या जिवाला घोर लागला. छतातून पिल्लांच्या अंगावर माती झरू लागली होती. तिला झोप लागेना, घास गिळवेना. कोणी किती उकरून ठेवले आहे, असे ती दारोदार विचारत फिरली. प्रत्येकाने आपली खोली दाखवून म्हटले, "माझी तर एवढीशीच." आणि कोणी खोटे बोलत नव्हते. शेवटी तिने स्वतः भिंती ठोकून पाहिल्या, तर जिकडेतिकडे पोकळ. प्रत्येक रिकाम्या खोलीमागे एक खडा तिने बिळाच्या तोंडाशी आणून ठेवला. तो ढीग पाहून बाकीचे हसले. मग कंबर कसून पिल्लांच्या डोक्यावरच्या खोल्या तीच बुजवू लागली.

त्या बुजवून होतात न होतात तोच एक खार आली. तिला आपल्या सगळ्या बिया एकदम पाहायच्या होत्या. एका लठ्ठ उंदराने लगेच नवी खोली उकरायला घेतली, तशी उंदरीण आडवी बसली.

"भाऊजी, आधी एक बुजवा, मग नवी उकरा."

"अहो वहिनी, मग खारीला काय सांगू?"

"थांब म्हणावं. ती थांबली तर तिच्या एकटीचा खोळंबा होईल. छत बसलं तर आपण सगळेच गाडले जाऊ."

लठ्ठ उंदराने मान डोलावली आणि पलीकडे जाऊन गुपचूप उकरायला सुरुवात केली. बघता बघता छत खाली आले. अर्धे बीळ आणि बियांचा साठा मातीखाली गेला. पिल्ले मात्र वाचली, कारण त्यांच्या डोक्यावर आता पोकळी उरली नव्हती. लठ्ठ उंदीर कानातली माती झटकत कसाबसा बाहेर आला आणि पुटपुटला, "माझी तर एवढीशीच होती."

 उंदरिणीने दाराशी एक रिंगण आखले. तेव्हापासून खोली उकरताना रिंगणात खडा ठेवायचा, बुजवली की उचलायचा आणि रिंगण भरले की नव्या मागणीने बाहेर थांबायचे, असे ठरले. लठ्ठ उंदीरही खडा घेऊन तिथे ताटकळतो. उंदरीण तरीही झोपण्यापूर्वी सगळ्या भिंती ठोकून येते.

तात्पर्य : आपला वाटा लहान आहे एवढे पाहून भागत नाही, सगळ्यांचे वाटे मिळून घराला पेलतात का ते पाहावे, आणि पेलत नसतील तर एकाला वेळीच थांबवावे.