उभ्या माणसाचं वाक्य

“पण का चालत नाही, तेवढं सांगा की!”

नेमगोंडा आवटींचा, म्हणजे अण्णांचा, आवाज चढला होता. हिवाळेबाई ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “वाक्य परत म्हणा.”

अण्णांनी घसा खाकरला.

“आय ॲम स्टँडिंग इन धिस मार्केट सिन्स माय फादर्स डेथ.”

“हॅव स्टूड.”

“ॲम स्टँडिंग!”

“सिन्स आलं की ॲम चालत नाही, अण्णा. सिन्सला हॅव लागतं.”

“आणि काल मी हॅव लावलं तेव्हा?”

“काल तुम्ही म्हणालात, आय हॅव लॉस्ट माय फादर इन नाइन्टीन सेव्हंटी नाइन. पुढे साल आलं की हॅव निघून जातं. साल म्हणजे झालं-गेलं.”

“घ्या! लावलं तरी चूक, काढलं तरी चूक. एवढी प्रतवारी आमच्या हळदीत नाही ओ बाई!”

बाई गालात हसल्या. घेवड्याची एक शीर सोलून त्यांनी बाजूला टाकली.

अण्णा म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे जुने व्यापारी. शाळा लवकर सुटली, ती सुटलीच. इंग्रजी शिकले ते पोत्यांवरचे शिक्के वाचून, रेल्वेच्या पाट्या वाचून आणि मुंबईच्या एजंटांशी फोनवर भांडून. अडलं तिथं रेटलं. रेटलेल्या इंग्रजीवर गाडी छान चालली होती.

पण उद्या परदेशी खरेदीदार यार्ड बघायला येणार होते, आणि असोसिएशनच्या अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं होतं, “अण्णा, तुम्ही हार घाला. बोलायचं काम सन्मती करील.”

सन्मती अण्णांचा पुतण्या. मिरजेला याच हिवाळेबाईंच्या हाताखाली शिकलेला. नळ सोडल्यासारखं इंग्रजी बोलायचा.

अण्णांनी तिथल्या तिथं उत्तर दिलं होतं. “हार सन्मती घालील. बोलणार मी.”

भाषणबिषण नव्हतंच त्यांच्याकडे. एकच वाक्य होतं, मनात जपलेलं. ते तेवढं घासूनपुसून घ्यावं म्हणून ते मिरजेला बाईंकडे येत होते. आणि बाईंनी नेमका त्यालाच हात घातला होता.

“बाई, खरं सांगू? हॅव स्टूड म्हटलं की मला वाटतं, कोणीतरी उभा होता बिचारा, आता बसला.” अण्णांनी छातीवर हात मारला. “मी बसलोय होय? बाप गेला तेव्हा चुलते गाळा विकायला निघाले होते. मला मिसरूडही फुटलं नव्हतं. दारात उभा राहिलो. म्हटलं, आधी मला उचला, मग कुलूप घाला. उचलता आलं नाही कुणाला. त्या दिवसापासून उभा आहे. आहे म्हणजे आहे! ते साहेबाच्या भाषेत गेल्यासारखं का सांगू?”

“बसा. चहा टाकते.”

“पटल्याशिवाय बसणार नाही.”

“बरं,” म्हणून बाई आत गेल्या.

आता, अण्णांचं उभं राहणं ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात काही विशेष वाटायचं नाही. एकदा मिरजेच्या रेल्वे यार्डात त्यांच्या मालाला वॅगन मिळेना. अण्णा स्टेशनमास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. भांडण नाही, अर्ज नाही, नुसते उभे. मास्तर जेवून आले, झोपून आले, तरी हे आपले तिथंच. शेवटी मास्तरांनी वॅगनही दिली आणि वर घरचा उपमाही खायला घातला.

बाई स्टेशनमास्तर नव्हत्या.

त्या एक कप चहा घेऊन आल्या आणि स्वतःच प्यायल्या. घेवडा संपवला. शेजारच्या सुशीलाबाई विरजण मागायला आल्या, त्यांनी अण्णांकडे पाहिलं.

“हे कोण?”

“विद्यार्थी.”

“शिक्षा केलीय का?”

“मी नाही. त्यांची त्यांनीच घेतलीय.”

सुशीलाबाई तोंडाला पदर लावून गेल्या. अण्णांचे कान लाल झाले, पण पाय हलले नाहीत. शेजारी ओसरीचा खांब होता. त्याला टेकणंसुद्धा त्यांना हरल्यासारखं वाटलं.

बाई आरामखुर्चीत कलंडल्या आणि चक्क घोरू लागल्या.

ऊन अण्णांच्या पायांवर आलं. पायांवरून भिंतीवर गेलं. भिंतीवरूनही गेलं...

चर्चची घंटा झाली तशा बाई जाग्या झाल्या. चष्मा शोधला, लावला.

“अजून आहात?”

“आहे.”

“दुपारी उभे राहिलात. ती दुपार कुठं आहे?”

“दुपार? गेली.”

“गेली ना? मग या की इकडं. चार पावलं तर आहेत.”

अण्णांनी पाऊल उचललं आणि तोंडातून “आई गं” निघालं. दोन्ही हातांनी त्यांनी खांब धरला.

“काय झालं?”

“गुडघा.”

“गुडघ्यात काय आहे?”

एक हात सोडून अण्णांनी गुडघा चाचपला.



रस्त्यावरून एक टांगा गेला. सुशीलाबाईंच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“दुपार,” अण्णा म्हणाले. “गेली, पण आहे.”



मग खांब धरूनच, कुणावर न ओरडता, अण्णांनी वाक्य म्हटलं. “आय हॅव स्टूड... इन धिस मार्केट... सिन्स माय फादर्स डेथ.”

या वेळी त्यातला माणूस खाली बसला नाही. वाक्य पोटरीतून, गुडघ्यातून वर चढत आलं. येताना ते गाळ्याचं दार, चुलत्यांचे चेहरे, पिवळी धूळ, सगळं घेऊन आलं. अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

उपरणं खाली आलं तेव्हा मूळचे अण्णा परत आले होते.

“हे मला पटलं म्हणून म्हणतोय. तुम्ही सांगितलं म्हणून नाही.”

“दिसतंय ते.”

“आणि उद्या ऐन वेळी तोंडातून ॲम निघालं, तर निघू दे. हसणारे हसतील.”

“हसू देत.”

“यार्डात उभा राहायला इंग्रजीची परवानगी घेतली नव्हती मी!”

“नव्हतीच घेतली.”

अण्णा लंगडत पायरी उतरले. चपला घातल्या. फाटकाशी जाऊन थांबले, आणि त्यांचा आवाज खाली आला.

“बाई... अध्यक्ष उद्या परत म्हणाले, सन्मतीचं इंग्रजी चोख आहे, त्यालाच बोलू द्या... तर काय सांगू?”

बाईंनी निवडलेल्या घेवड्याचं ताट उचललं. आत जाता जाता त्या दारात वळल्या.

“सन्मतीला तुमचे गुडघे आहेत का, विचारा.”