न रोवलेली काठी

एका खाडीकाठी एक गाव होतं. तिथली माणसं होडीच्या फंदात कधी पडली नाहीत. खाडीच मुळात उथळ. ओहोटी लागली की माणसं खांद्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, आणि पाठीला टोपली घेऊन चालतच पाण्यात उतरायची. कुठे गुडघाभर पाणी, कुठे कमरेएवढं. शेजारच्या गावांतले होडीवाले त्यांना हसायचे. हसोत बापडे! जिताड्यासारखा चवीचा मासा मात्र याच गावच्या चुलींवर शिजायचा.

पण खाडीचा तळ बेभरवशाचा. आज जिथे पाय ठरतो, तिथे उद्या पुरुषभर खोल खड्डा पडायचा आणि खड्ड्याच्या बुडाशी माणसाला धरून ठेवणारा चिखल असायचा. म्हणून गावाची एक रीत होती. ज्याला खड्डा सापडेल, त्याने आधी तिथे चिंधी बांधलेली काठी रोवायची आणि मगच पाग उघडायचा. काठी नाही तिथे तळ आहे, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तेवढ्या भरवशावर सगळं गाव पाण्यात निर्धास्त चालायचं.

आता गंमत अशी, की ओहोटीला मोठे मासे दडतात तेही अशाच खड्ड्यांत. काठी रोवली की धोका सगळ्यांना कळायचा आणि मासेही सगळ्यांना मिळायचे. रीत घालून देणारे शहाणे होते, त्यांनी दोन्ही एकाच काठीला बांधून ठेवलं होतं.

त्या गावात गोमा नावाचा एकजण होता. एके काळी त्याचा पाग रिकामा येत नसे. अलीकडे मात्र नशीब रुसलं होतं. पोरंटोरंही विचारायची, "काय गोमाकाका, आज मासं आनलं का नुसतं पानी?" गोमा वरवर हसायचा. आतून त्याचा जळफळाट व्हायचा.

त्याला पाग फेकायला शिकवलं होतं थोरल्या भावाने. दादाचे गुडघे आता धरले होते, पाण्यात उतरणं सुटलं होतं. तो ओट्यावर बसून गावासाठी काठ्या तासायचा आणि वहिनी तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांना बांधायची. रोज सकाळी दादा एक काठी गोमाच्या हातात द्यायचा.

एके दिवशी तिवरांच्या झाडीजवळ गोमाचा पाय एकदम खाली गेला. पोहता येत होतं म्हणून वाचला. सावरून त्याने पाग फेकला, तर हातभर लांब जिताडा! काठी पाठीलाच होती. गोमाने ती हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा टोपलीत ठेवली. 'आजचा दिवस राहू दे. उद्या रोवतो.'

गावाने तोंडात बोटं घातली. दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. जिताड्याचं डोकं थोरल्याला वाढायचं, तसं वहिनीने वाढलं. खाता खाता दादाने विचारलं, "खड्डा गावला काय रं?"

"नाय दादा. चालता मासा गावला."

दादाने मान डोलावली. धाकटा खोटं बोलेल हे त्याच्या मनातही येणं शक्य नव्हतं. गोमाने काठी आपल्या घराच्या वळचणीला खोचून ठेवली.

उद्याचा परवा झाला. कुणी पाहू नये म्हणून गोमा आता सगळे परतल्यावर पाण्यात उतरू लागला. अशाच एका संध्याकाळी भरती चढू लागली, तरी तो खड्ड्यापलीकडे तिवरांच्या आड उभा होता. तेवढ्यात हाक आली.

"गोमाऽऽ! आरं पानी भरतंय, चल घरा!"

दादा होता. धोतर खोचून, दुखरे गुडघे ओढत, तो धाकट्याला शोधायला पाण्यात उतरला होता. वाटेत काठी नव्हती, म्हणून सरळ चालत येत होता.

'थांब' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण काठावर दोघंतिघं टोपल्या धूत होते. थांब म्हटलं की का, ते सांगावं लागलं असतं. गोमाला वाटलं, दादा दमेल आणि मागे फिरेल. तो गप्प राहिला.

दादा मागे फिरला नाही. पुढचं पाऊल टाकलं आणि दिसेनासा झाला.

मग गोमा ओरडला. बुडी मारली, पुन्हा मारली, चिखल उपसला. काठावरचे धावून आले. दादाला बाहेर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता.

लोक म्हणाले, खाडीने नेला, कुणाचा काय दोष! वहिनी भिंतीला टेकून बसली होती. गोमाला रडताना पाहून तीच म्हणाली, "भावजी, तुमी तरी काय करनार? तुमाला तरी कुठं ठावं व्हतं?"

तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर गोमाने सोसल्या असत्या. हे सोसवेना. तो उठला, वळचणीतली काठी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

वहिनीने चिंधी ओळखली. तिच्या हिरव्या लुगड्याची होती, गाठ तिनेच मारली होती.

"ही कवापासनं तुमच्याकडं हाय?"

"पहिल्या जिताड्यापासनं."

वहिनीने चिंधीची गाठ पुन्हा घट्ट आवळली. मग तिने काठी त्याच्याकडे सरकवली. "ओहोटी लागलीय," ती म्हणाली. "रोवून या."

गोमाने त्यानंतर पाग फेकला नाही. तो ओट्यावर दादाच्या जागी बसून काठ्या तासतो आणि रोज खाडीभर फिरून रोवतो. चिंध्या अजून वहिनीच देते. मात्र ती त्या उंबऱ्यावर ठेवते, त्याच्या हातात देत नाही.

तात्पर्य: जिथे आपण स्वतः जपून पाऊल टाकतो, ती जागा दुसऱ्यापासून लपवू नये. त्याच वाटेने आपलं माणूस आपल्याला शोधत येतं.