व्हॉल्वचं मराठी

मिरजेचे खांबेटे गुरुजी म्हणजे शुद्ध मराठीचे कोतवाल. बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नसे. त्यांची गाडी मात्र सिग्नलला थांबली की आचके देऊन बंद पडायची.

गॅरेजवाल्या नसीमभाई मुजावरांनी बॉनेट उघडलं आणि धूर इंजिनात परत नेणाऱ्या नळीत तपासापुरती पत्र्याची चकती बसवली. गाडी लगेच शांत चालू लागली.

"सापडलं! या नळीवरचा ईजीआर व्हॉल्व अडकलाय."

"हे कुठलं मराठी?" गुरुजी कडाडले. "एकही इंग्रजी शब्द न वापरता दोष सांगा. नाहीतर गावभर सांगेन, मुजावरांना यातलं काही कळत नाही!"

गाडीत बसलेल्या गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कपाळाला हात लावला.

नसीमभाईंनी शांतपणे हात पुसले. "गुरुजी, काम नसताना ज्याचं तोंड बंद हवं, त्याचं उघडंच राहतंय. मग आपणच सोडलेला धूर गाडी परत गिळते आणि गुदमरते. आत्ता ते तोंड बंद केलंय, तर बघा, कशी सुखानं चाललीय!"

काकू खुदकन हसल्या. "अगदी शुद्ध मराठी हो, नसीमभाई! आमच्या घरासाठी अशी एक चकती मिळेल का?"

गुरुजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मिटलं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या, "चकतीशिवायच जमलं."