जलनाग कात टाकतो तेव्हा

एका राज्यात तळ्याला बांध नव्हता. एक जलनाग वेटोळं घालून पाणी अडवून बसलेला असे, आणि खालच्या पेठेत लोक निवांत झोपत.

त्या राज्याच्या राजाला शाप होता. त्यानं एकदा एका ऋषीचं बोलणं मध्येच तोडलं होतं. ऋषी म्हणाले, "ऐकायचा कंटाळा ना? मग कुणीही बोलो, चौथ्या वाक्याला तू दगड होशील, ते सूर्य उगवेपर्यंत. मनापासून प्रश्न विचारशील तेव्हाच शापातून सुटशील."

पण प्रश्न सुचणार कसा? दरबारात पहिली तीन वाक्यं नमस्कारातच जायची.

चंपावली ही दरबारची लेखनिक, चाळिशी ओलांडलेली. थोडक्यात बोलण्याचा तिचा लौकिक मोठा. खरं तर ती मीठ आणायला जायची आणि गप्पा मारून मिठाशिवाय परत यायची.

एके सकाळी जलमांत्रिक शार्ङ्गधर ताडपत्रांचा भारा घेऊन तिच्या दारी आला. डोळे लाल, आवाज बसलेला.

"बाई, काल मी वाचायला लागलो आणि महाराज दगड झाले. परवाही तेच. उद्या अमावास्या."

"उद्या काय होणार?"

"ते शेवटच्या पानावर आहे. आधी नागाचं कुळ, मग पाण्याचे प्रकार, मग माझ्या गुरूंचं मत. आमच्यात निष्कर्ष आधी सांगणाऱ्याला उथळ म्हणतात."

"मांत्रिकबुवा, बुडणाऱ्याला आधी दोर टाकतात. दोर कुठल्या गवताचा, ते काठावर आल्यावर सांगतात."

"पण इतकी वर्षं पाण्यात उभा राहून शिकलो, ते सगळं गाळू?"

तिला त्याची कणव आली. "गाळायचं नाही. थोपवून धरायचं. आधी दोघांना सांगून बघू, मग राजाला."

पहिली श्रोती आढ्यावरची साळुंकी. मांत्रिकानं नागाचं कुळ सुरू केलं तशी ती उडून झाडावर बसली. "पणजोबा राहू देत! नागाला झालंय काय?"

"कात टाकणार आहे," मांत्रिक चिडून म्हणाला. साळुंकी परत येऊन बसली.

दुसरी, खालच्या पेठेतली सगुणा कुंभारीण. तिनं कात, वेटोळं, सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी भट्टी पेटवू, की पोरांना घेऊन टेकडीवर जाऊ?"

मांत्रिकानं भारा उलटसुलट चाळला. इतक्या पानांत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आज रानाकडच्या कालव्याचे दरवाजे उघडून तळं उतरवलं, तर पेटव."

दरवाजे उघडायचे ते राजाची अंगठी दाखवूनच. दोघं तडक दरबारात गेली. मांत्रिकानं भारा खाली ठेवला.

"महाराज, उद्या जलनाग कात टाकणार. त्याचं वेटोळं सुटलं की खालची पेठ बुडेल. आजच कालव्याचे दरवाजे उघडून तळं उतरवा."

तीन झाली. गुरूंचं मत त्याच्या अगदी जिभेवर आलं. चंपावलीनं त्याचं उपरणं खसकन ओढलं.

राजा पुढं झुकला. "कशावरून?"

शाप तुटला. सिंहासनाभोवती दगडी कपच्यांचा सडा पडला. झाडूवाल्यानं तो झाडून घेतला.

राजानं अंगठी काढून सेनापतीकडे फेकली. "उघडा! आणि बुवा, तुम्ही बसा. सगळं सांगा."

मांत्रिकानं भारा सोडला. कुळ झालं, पाण्याचे प्रकार झाले. गुरूंच्या मताशी चंपावलीला डुलकी लागली, पण राजा टक्क जागा.

"कात टाकताना त्याला दुखतं का हो?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दुखतं, महाराज. म्हणून तर वेटोळं सैल सोडतो बिचारा."

"मग यापुढं दर वेळी आधीच तळं उतरवत जाऊ. त्यालाही जरा हातपाय पसरता येतील."

"त्याला हातपाय नसतात, महाराज," मांत्रिक म्हणाला, आणि पहिल्यांदाच आपणहून एका वाक्यात थांबला.

अमावास्येला नागानं कात टाकली. खालच्या पेठेत एकही उंबरा भिजला नाही.