मागे जाण्याची सोय

“पण मागे जाऊन तू नेमकं करतोस काय?” दामूबुवांनी विचारलं.

निळकंठने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “बुवा, नवीन काही टाकलं आणि मशीन बिघडलं, की ज्या दिवशी नीट चालत होतं तिथे परत न्यायचं. रिस्टोअर पॉइंट म्हणतात त्याला. निम्मी डिस्क मी त्यांनाच देऊन टाकलीय. माझं मशीन कधी अडत नाही.”

“आज अडलंय.”

“अडलं नाही... जागा संपलीय.”

मठाच्या ओवरीत आम्ही तिघेच होतो. मी खांबाला टेकून ऐकत होतो. आजारपणानंतर बुवांचा उजवा हात बहुतेक आखडलेलाच असे. त्या सकाळी बोटं मोकळी झाली होती. त्यांच्या गुरूंची एक लांब परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधलेली रचना, आता फक्त त्यांनाच येत होती, आणि ती रेकॉर्ड करून घेण्यासाठी निळकंठ कधीपासून वाट पाहत होता.

“उद्या मोठी डिस्क आणतो, बुवा.”

“आण की. जाताना माझ्या हातालाही विचारून जा, उद्या येणार का म्हणून.”

निळकंठ हसला नाही.

“त्या तुझ्या पॉइंटांत माझं वाजवणं आहे का रे?”

“नाही. त्यात मशीनची घडी असते फक्त. मागे जातं ते मशीन. रेकॉर्डिंग नाही.”

“मग पुस.”

“गेल्या वर्षी एका अपडेटने सगळा आवाज गेला होता, बुवा. तेव्हा यानेच तारलं. पुसायचं म्हटलं की... भीती वाटते.”

“वाटणारच,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी पखवाज पुढे ओढला.

डाव्या तोंडावर थाप मारली.

ठक्.

बुवांनी वाकून पाहिलं. आवाज घुमावा म्हणून त्या तोंडावर थापलेली कणीक वाळून, तडकून कातड्याला चिकटली होती. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, हे निळकंठला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

“काल मी वाजवला...” निळकंठची मान खाली गेली. “आवाज इतका सुरेख लागला होता, की काढवेना. म्हटलं, आज तोच मिळेल.”

“मिळाला?”

“...नाही.”

बुवा रागावले नाहीत. अंगठ्याच्या नखाने वाळलेली कणीक हळूहळू सोडवत राहिले. कातड्याला ओरखडा येऊ नये म्हणून मधूनमधून ओलं बोट फिरवत.

“खरंच सुरेख लागला होता,” ते म्हणाले. “मी आतून ऐकत होतो. जा, ताजी भिजवून आण.”

निळकंठने कणीक भिजवून आणली. बुवा ती थापू लागले. तो हात पुसून लॅपटॉपपाशी बसला. बराच वेळ बोट नुसतंच बटणावर होतं.

“शेवटचा एक ठेवू?”

“ठेव ना. एक ठेवायला कोण नको म्हणतंय?”

बाकीचे गेले. जागा झाली.

बुवांनी थाप दिली. ओवरी घुमली. निळकंठने माइक जवळ सरकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, तरी त्याच्याने राहवलं नाही.

“बुवा, मध्ये कुठे चुकलं तर थांबा. मागे जाऊन पुन्हा घेऊ.”

बुवांचा हात पखवाजावर आला होता.

“चुकलं,” ते म्हणाले, “तर पुढच्या समेवर भेटू.”