वस्तादाची पाठ

"...आणि गुण कितव्या दिवशी येतो, वस्ताद?"

बिरू पैलवानानं पुडी पुढं धरली. तालमीत दोघंच होते. तरी आवाज असा, जणू मारुतीच्या फोटोलासुद्धा ऐकू जायला नको!

गफूर वस्तादांनी पुडी हुंगली. "कुणी दिली?"

"जत्रेतल्या वैदूनं. मर्दानगीची हाय."

वस्तादांनी पुडी फोडली आणि सगळी पूड कुस्तीच्या हौद्यात उधळली.

"अवो वस्ताद!"

"मातीत ताक हाय, हळद हाय, लिंबू हाय. हे बी जाऊ दे. माती तर माजंल!"

एरवी बिरू पोट धरून हसला असता. आज त्याचा चेहरा हललासुद्धा नाही. वस्तादांनी ते बघितलं आणि हौद्याच्या कडेवर बसकण मारली.

"बोल."

"आठ महिनं झालं, वस्ताद. मालनजवळ जातो, पर शरीर साथच देत न्हाई. म्हणून रविवारी तिला माहेरी सोडणार. मोकळी करतो बिचारीला."

"तिला इचारलंस?"

"...न्हाई."

"बरं. आणि शेवटचा हसलास कवा?"

हा कसला प्रश्न! बिरू आठवत राहिला.

"वरीस झालं असंल."

"झोप?"

"तवापासनंच न्हाई. जेवणाला चव न्हाई. सकाळी उठून करायचं काय, असं वाटतं. परवा तर इहिरीपाशी नुसताच..."



वस्तादांनी त्याचा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

"म्हंजे आधी हसू गेलं, झोप गेली. ताकद त्यांच्या मागनं गेली. आणि तू एकटी ताकद हुडकत फिरतोयस, येड्या! उद्या सकाळी माझ्यासंगं डॉक्टरकडं यायचं. अंगाच्या बी, मनाच्या बी. आणि त्या इहिरीच्या वाटेला आज एकट्यानं जायचं न्हाई."

"मनाच्या? लोक काय म्हणतील?"

"मी दोन वरसं गोळ्या खाल्ल्या. बेगमनं हात धरून नेलं हुतं."

बिरू बघतच राहिला. सहा फुटी देह, कान मोडून फुलवड्या झालेले, पंचक्रोशीत ज्याच्या नावानं पैलवान लंगोट सोडायचे, तो माणूस... गोळ्या?

"तुमचं बी... तसंच झालं हुतं?"

"तसंच. अगदी तसंच!" वस्ताद मिशीत हसले.

बिरूनं मान खाली घातली. "मला न्हाई जमायचं, वस्ताद. बायकोपुढं असं कबूल करायचं म्हंजे... चारचौघांत पाठ लागल्यासारखं."

आता हे खरं होतं. पाठ मातीला लागली की पैलवान हरला. बिरू तर लहानपणापासून कुशीवर झोपायचा. झोपेत का होईना, पाठ टेकायला नको!

वस्ताद उठले. पायातल्या चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला. मग चालत चालत हौद्याच्या मधोमध गेले आणि पसरले... उताणे. सत्तर वर्षांत ज्यांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती, ते गफूर वस्ताद हातपाय पसरून आढ्याकडं बघत पडले.

"वस्ताद! उठा! कुणी बघंल!"

"गार लागतीया रं. ये की."

बिरू दाराकडं बघत दोनदा पुढं आला, दोनदा मागं गेला. शेवटी डोळे गच्च मिटून त्यानं पाठ टेकली.

काहीच झालं नाही. माती गार होती. हळदीचा वास येत होता.

आधी त्याला रडू फुटलं. रडता रडता वैदूची पूड आठवली, आपण तिच्यावरच लोळतोय हे ध्यानात आलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा तो असा खदखदून हसला की वस्तादांनाही आवरेना. दोन दांडगे बाप्ये उताणे पडून पोट धरून हसत होते. बाई गं, काय ते ध्यान!

हसू ओसरल्यावर बिरूनं डोळे पुसले.

"डॉक्टरकडं येतो. पर घरी गेल्यावर मालनला सांगायला सुरुवात कुठनं करू?"

वस्तादांनी डोळे मिटले.

"तिला सांग... आज वस्तादाची पाठ लागली. पर छातीवर कुणी न्हवतं."